लखलखत्या आरशाचं प्रकरण

१

पेटी उघडली तेव्हा आरसा पेटीतच होता. तो नाहीसा झाला असता तर चोरी झाली एवढं तरी म्हणता आलं असतं. पण तो जागच्या जागी होता आणि लखलखत होता, आणि ते पाहूनच फिओनाच्या तोंडचं पाणी पळालं.

२०१७ च्या ऑक्टोबरातला तो पहिला सोमवार. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधल्या त्या छोट्या खासगी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत चार माणसं पेटीभोवती उभी होती. एक संचालिका फिओना. दुसरा गुरुदत्त टिपणीस, मूळचा पुण्याचा मेटलर्जीचा इंजिनियर, जुन्या धातूच्या वस्तू जपण्यात मुरलेला. तिसरी स्वरदा रणदिवे, पेट्या आणि कुलपं सांभाळणारी. आणि चौथे स्वरदाचे वडील शिरीषराव, ज्यांचा तिथे खरं म्हणजे काहीही संबंध नव्हता.

शिरीषराव गुन्हे शाखेतून निवृत्त झाले होते. पत्नी गेल्यावर सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले आणि इथे अडकून पडले. या गावात गाडीशिवाय पान हलत नाही आणि शिरीषरावांना परदेशात गाडी चालवायचा धीर नव्हता. मग रोज सकाळी ते स्वरदाबरोबर संग्रहालयात यायचे, माहितीपत्रकांच्या घड्या घालून द्यायचे आणि फिओनाच्या हातचा पांचट चहा निमूटपणे प्यायचे. घरात एकट्यानं बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा ते बरं होतं.

“शुक्रवारी मी पेटी बंद केली तेव्हा हा हिरवा होता,” स्वरदा म्हणाली. “गडद हिरवा. आय सॉ इट मायसेल्फ.”

गुरुदत्त दाराशीच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. तो म्हणाला, “हा खरा नाही. ग्रॅहमनं केलेली नक्कल आहे ही. कुणीतरी अदलाबदल केलीय.”

मुलांना हाताळायला म्हणून कारागीर ग्रॅहमकडून करून घेतलेली नक्कल एकच होती, ती स्वरदाच्या कपाटात असायची आणि ते कपाट आता रिकामं होतं. फिओनानं स्वरदाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. शिरीषरावांनी आयुष्यात अनेकांवर असा संशय वळताना पाहिला होता. आज तो त्यांच्या पोटच्या पोरीवर वळला होता.

२

आरसा काचेचा नव्हे, ब्राँझचा. आपल्या काशाच्या जवळपासचा धातू. रोमन लोक इंग्लंडात उतरण्याच्या सुमाराला तिथल्या केल्टिक कारागिरांनी असे आरसे घडवले. एक बाजू तोंड पाहायला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूवर वळणावळणाची कोरीव नक्षी, खाली मूठ. ज्या बाईकडे असा आरसा असे तिची पंचक्रोशीत पत असे, आणि ती गेली की तो तिच्याबरोबर पुरला जाई. जगात असे थोडेच उरले आहेत. त्यातला हा एक मिसेस ॲशवर्थ यांच्या पणजीनं जहाजातून न्यूझीलंडला आणला होता. दोन हजार वर्षांनीही त्याचं काम, घरची पत वाढवणं, तेच राहिलं होतं. ॲशवर्थांच्या दिवाणखान्यात तो पाहून आलेला माणूस गावभर सांगत सुटायचा.

शहाऐंशी वर्षांच्या मिसेस ॲशवर्थ यांनी शाळेच्या सुट्टीतल्या प्रदर्शनासाठी तो प्रथमच घराबाहेर दिला होता.

“मिसेस ॲशवर्थ गुरुवारी येणार आहेत,” फिओना शिरीषरावांना म्हणाली. तिनं त्यांना ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं होतं. “वेलिंग्टनचा तज्ज्ञ पुढच्या आठवड्यात येईल, पण गुरुवारी मला पोलिसांना कळवावंच लागेल. आणि त्यांनी विचारलं, तर मला स्वरदाचंच नाव घ्यावं लागेल. आय अ‍ॅम सो सॉरी, शिरीष.”

“खोलीच्या किल्ल्या किती?”

“तीन. माझी, स्वरदाची, गुरुदत्तची. मी शनिवार-रविवार ऑकलंडला बहिणीकडे होते. गुरुदत्त शुक्रवारी सगळ्यांच्या देखत लवकर घरी गेला. कुलूप स्वरदानं लावलं.”

“आणि नक्कल करणारा ग्रॅहम?”

“तो रॅग्लनला राहतो. त्याच्याकडे किल्ली नाही. पण आरसा हुबेहूब घडवणारा तोच.”

स्वरदाला घरी बसायला सांगितलं होतं. तिचा कायमच्या रहिवासाचा अर्ज मंजुरीला होता आणि तो याच नोकरीच्या भरवशावर होता. पोलिसांत नाव गेलं की नोकरी गेली, अर्ज गेला आणि सात वर्षं घासून जमवलेलं सगळं पाण्यात गेलं.

ते गुरुदत्तच्या खोलीत गेले. गुरुदत्त खिडकीबाहेर बघत होता. एरवी हा पोरगा ‘काका, काका’ करत धातूंविषयी तास तास बोलायचा. त्याची आई शकुताई तर शिरीषरावांची इथली एकुलती एक मैत्रीण. दोघंही लेकरांकडे आलेली, दोघंही गाडीवाचून खोळंबलेली, दोघंही संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्यावर पाय मोकळे करणारी.

“गुरू, नक्कल शेवटची कधी पाहिलीस?”

“शुक्रवारी. स्वरदाच्या कपाटात.”

“आणि खरा आरसा?”

“शुक्रवारीच.” तो थांबला. “काका, मला खरंच काही सुचत नाहीये. प्लीज.”

शिरीषरावांनी त्याला सोडलं आणि फिओनाकडून भिंग मागून घेतलं. आरसा टेबलावर मऊ कापडावर ठेवला होता. त्यांनी तो निरखायला सुरुवात केली. पाठीवरच्या नक्षीत, अगदी बारीक रेघांच्या तळाशी, हिरवट काहीतरी राहून गेलं होतं. धातूवर हलकी गुलाबी झाक होती. आणि मूठ जिथे तबकडीला मिळते तिथल्या फटीत एक तपकिरी धागा अडकला होता.

त्यांनी तो चिमट्यानं अलगद काढला, बोटांवर चोळला, नाकाशी नेला. त्या वासाची ओळख पटायला प्रयोगशाळा लागत नाही. ती चिंचेची शीर होती.

हॅमिल्टनमध्ये भांडी चिंचेनं घासणारी माणसं किती असणार? आणि त्यातल्या कितींकडे या खोलीची किल्ली? शिरीषरावांनी ती शीर रुमालात बांधली आणि कुणालाही काही न सांगता घरची बस पकडली. आयुष्यात पहिल्यांदाच ते पुरावा लपवून निघाले होते.

३

स्वरदा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. पुढ्यातला चहा गार झाला होता. शिरीषरावांनी एकेक कप्पा उघडायला सुरुवात केली.

“बाबा, काय शोधताय?”

“चिंच कुठे ठेवतेस?”

“चिंच?” तिनं फ्रीज उघडून एक बाटली पुढे केली. “ही. का?”

बाटलीत दाट, काळा, गाळलेला कोळ होता. दुकानातून आणायचा आणि चमच्यानं आमटीत घालायचा. शिरीषरावांनी चमचा बुडवून पाहिला. त्यात ना शीर, ना चिंचोका.

“सगळी चिंच एवढीच?”

“एवढीच. कोळायला वेळ कुणाला आहे इथे?” मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. तिचा चेहरा उतरला. “बाबा, तुम्ही मला तपासताय?”

रुमाल सोडून त्यांनी ती शीर टेबलावर ठेवली आणि कुठे सापडली ते सांगितलं.

“म्हणजे तुम्हालाही वाटलं, मीच,” स्वरदा म्हणाली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. “फिओनाचं सोडा. तुम्ही सुद्धा, बाबा.”

“माझं चुकलं,” शिरीषराव म्हणाले. “तीस वर्षांची सवय आहे, जात नाही. पण तू नाहीस हे आता मला माहीत आहे. मला रॅग्लनला घेऊन चल.”

रॅग्लनच्या रस्त्यावर टेकड्या हिरव्यागार होत्या, कोकरं आयांच्या मागे धावत होती आणि शिरीषरावांचं कशातच लक्ष लागत नव्हतं. शेजारी बसून गाडी चालवणाऱ्या मुलीची माफी कशी मागायची, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

ग्रॅहम पायांत जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला आणि अंगात जळक्या भोकांचा ॲप्रन अशा थाटात भट्टीबाहेर आला. “किया ओरा!” त्यानं माओरीत नमस्कार केला. “तुमच्या आरशाचं ऐकलं मी. फिओनानं फोनवर माझी उलटतपासणीच घेतली.”

“तुम्ही तो पाहायला आला नाहीत?”

“कुणी बोलावलंच नाही. गुरुदत्तनं सांगितलं ना तो माझा आहे म्हणून. तो सांगतो म्हणजे असणारच.”

“तुमचा आरसा कसा ओळखायचा?”

ग्रॅहम हसला. “सोपं आहे, मेट. नक्कल करणाऱ्यानं आपली खूण सोडायची असते, नाहीतर उद्या कुणीतरी तो खरा म्हणून विकेल. माझ्या मुठीच्या आतल्या बाजूला नेच्याचं एक छोटं पान ठोकलेलं आहे. नखानं लागतं. आणि माझा धातू पिवळा आहे, पितळी नळासारखा पिवळा. गुलाबी वगैरे अजिबात नाही.”

शिरीषराव तसेच वळले. संग्रहालय बंद होण्याआधी पोचायला हवं होतं. फिओना दारात कुलूप घेऊनच उभी होती, तिला त्यांनी परत आत नेलं. हातमोजा घालून त्यांनी मुठीच्या आत बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा सावकाश.

पान नव्हतं. टेबलावरचा आरसा ग्रॅहमचा नव्हताच.

४

बुधवारी संध्याकाळी शकुताई नेहमीच्या बाकावर बसल्या होत्या. सुती नऊवारीवर मुलाचं जाकीट, पायात सुनेचे बूट आणि मांडीवर डबा.

“या भाऊ,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस फिरकला नाहीत. स्वरदाचं ऐकलं मी. माझा नाही विश्वास बसत. सोन्यासारखी पोर.”

शिरीषराव शेजारी बसले. त्यांना काय विचारायचं ते माहीत होतं, आणि ते विचारू नये असं मनापासून वाटत होतं. समोरून नदी फुगून चालली होती.

“दसरा कसा झाला, शकुताई?”

विचारायचाच अवकाश, शकुताईंचा चेहरा खुलला. “अहो, काय सांगू! गेल्या वर्षी एकटीच होते पुण्यात, कशात मन नव्हतं. यंदा म्हटलं, लेकाच्या घरी शस्त्रपूजा अशी करीन की यंव! तुम्ही ती सँडरिंगहॅमच्या इंडियन दुकानातली चिंच आणून दिलीत ना, तिचं सोनं केलं बघा. समई, ताम्हन, तांब्या, सगळं घासलं. सुनेच्या सुऱ्या घासल्या. त्याच्या गॅरेजातल्या पकडी, हातोड्या पुसून मांडल्या. कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं.”

शिरीषराव ऐकत होते. स्वरदाबरोबर ऑकलंडला गेले असताना ती चिंचेची वडी त्यांनी स्वतः निवडून घेतली होती. पिशवीत नीट गुंडाळून शकुताईंच्या हातात दिली होती.

“आणि?” ते म्हणाले.

“आणि तो आरसा हो! शुक्रवारी रात्री जेवताना गुरूनं दाखवला मला. म्हणाला, आई, तुझा मुलगा कशावर काम करतो बघ, राणीचा आरसा आहे हा. मी बघतेय तर काय, कळकलेला. हिरवाकंच! मनात म्हटलं, मोठमोठी माणसं बघायला येणार आणि हा असा? आपल्याकडे असलं भांडं दारात उभं करत नाहीत. शनिवारी सकाळी तो फुलं आणायला गेला आणि मी बसले चिंच-मीठ घेऊन. दोन तास घासला. हात भरून आले. पण काय निघाला, भाऊ! मी त्यात माझं तोंड बघितलं. एवढी वर्षं त्यात कुणाचं तोंड दिसलं नव्हतं म्हणे.”

“गुरू काय म्हणाला?”

“आला, बघितला आणि उभाच राहिला. मी विचारलं, कसा झालाय? म्हणाला, छान झालाय, आई.” शकुताई हसल्या. मग हसू जरासं मावळलं. “त्या दिवसापासून नीट जेवत नाही मात्र. कामाचा ताण असेल, नाही का?” त्यांनी डबा उघडला. “हे घ्या, रव्याचे लाडू. शुक्रवारी माझं विमान आहे, पुन्हा कधी हातचे खाल?”

शिरीषरावांनी लाडू हातात घेतला. तो त्यांना तोंडात घालता येईना. जरा वेळानं तो तसाच रुमालात बांधून ते उठले आणि पाय दुखतायत असं काहीतरी पुटपुटत निघाले. शकुताई पाठमोऱ्या शिरीषरावांकडे बघत राहिल्या.

५

गुरुदत्त घरच्या गॅरेजमध्येच होता. शिरीषरावांना पाहून त्यानं हातातली कानस खाली ठेवला आणि स्टुलावर बसला.

“काका, तुम्हाला कळलं.”

“तू पहिल्या दिवशीच सांगितलंस मला,” शिरीषराव म्हणाले. “माझ्याच ध्यानात यायला उशीर झाला. गुरू, तू कधी एखादा चमचासुद्धा हातात घेतल्याशिवाय कशाचा आहे ते सांगत नाहीस. आणि ज्या आरशाला जिवापाड जपलंस तो बदलला गेला म्हणताना तू दारातून पुढे आला नाहीस. त्याला हात लावला नाहीस. तुला तो पाहवत नव्हता. नक्कल पाहून माणसाला चीड येते रे, तोंड फिरवावंसं वाटत नाही.”

गुरुदत्त समोरच्या पकडी ओळीत लावू लागला.

“पुढचं सांगतो. रेघांच्या तळाला हिरवं उरलं होतं. नव्या कोऱ्या धातूत ते कुठून येणार? घासून घासून चिंच पोचली नाही तिथेच ते राहतं. गुलाबी झाक तर मी घरी दर सणाला पाहिलीय, ताम्हनावर. मुठीत ग्रॅहमची खूण नाही. म्हणजे अदलाबदल झालीच नाही. खरा आरसाच पेटीत परत आला. मग नक्कल का नाहीशी व्हावी? खरा आरसा हीच नक्कल आहे असं कुणाला तरी सगळ्यांना भासवायचं होतं म्हणून. नक्कल कुठे आहे?”

“नदीत,” गुरुदत्त म्हणाला. “शुक्रवारी स्वरदा कुलूप लावून गेल्यावर मी परत आलो आणि फोटोंसाठी दोन्ही घरी आणले, रविवारी खरा पेटीत ठेवला. नियमात बसत नाही, माहीत आहे मला. फोटो हे निमित्त होतं, काका. मला आईला दाखवायचा होता. ती लोकांना सांगते, माझा मुलगा परदेशात जुनी भांडी दुरुस्त करतो. मला वाटलं, एकदा तिनं बघावं.”

“मग सोमवारी सरळ सांगायचं.”

“काय सांगायचं? माझ्या आईनं घासून टाकला? टीव्हीवर येईल, पेपरात येईल. सगळे हसतील तिला. ती दोन तास घासत होती, काका. घामाघूम झाली होती. मी आत आलो तर त्याच्यावर फूल, कुंकू, आणि ती अशी बघत होती माझ्याकडे. मी छान झालाय म्हणालो. त्यानंतर दुसरं काही म्हणताच आलं नाही.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “शुक्रवारी तिचं विमान गेलं की सांगणार होतो. शप्पथ.”

“आणि गुरुवारी पोलिसांना स्वरदाचं नाव गेलं असतं त्याचं काय?”

गुरुदत्तनं तोंडावरचे हात काढले नाहीत.

“आईची लाज राखत होतास हे खरं,” शिरीषराव म्हणाले. त्यांना राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम सांभाळणं त्यांना जड जात होतं. “पण तिच्या पदराआड तूही लपलास. माझी मुलगी त्या पदराबाहेर उभी होती, गुरू. उद्या सकाळी दहाला ये आणि तुझ्या तोंडानं सांग. आईचं नाव कसं घ्यायचं ते तू ठरव. पण स्वरदाचं नाव त्यात राहता कामा नये.”

गुरुदत्तनं मान हलवली. घराच्या आतल्या दारापाशी काहीतरी सळसळलं. शिरीषरावांनी वळून पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं आणि त्यामागे नदीवरून परतलेल्या शकुताई उभ्या होत्या.

६

त्यांनी किती ऐकलं ते कुणी विचारलं नाही. गुरुवारी सकाळी शकुताई संग्रहालयापाशी मुलाच्या गाडीतून उतरल्या त्या ठेवणीतलं जरीचं लुगडं नेसून, केस घट्ट बांधून. “तुम्ही लाडू खाल्ला नाहीत तेव्हाच मला कळलं, काहीतरी आहे,” एवढंच त्या शिरीषरावांना म्हणाल्या.

फिओनाच्या ऑफिसात मिसेस ॲशवर्थ काठीवर दोन्ही हात टेकून बसल्या होत्या. टेबलावर आरसा होता. एका बाजूला स्वरदा उभी होती. शकुताई सरळ टेबलापर्यंत गेल्या.

“भाऊ, मला इंग्रजी येत नाही. तुम्ही सांगा त्यांना. शुक्रवारी मी इथे आले होते. हा टेबलावर होता. मीच पिशवीत घालून घरी नेला आणि घासला. गुरूला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.”

हे खोटं होतं, आणि ते आईचं खोटं होतं. पण आरसा शुक्रवारी उघड्यावर राहिला असं म्हटलं की बोट पुन्हा स्वरदाकडेच जाणार होतं. शकुताईंचं बोलणं स्वरदालाही कळलं होतं. ती वडिलांकडे बघत होती. शकुताईही त्यांच्याकडेच बघत होत्या.

“सांगा ना, भाऊ.”

“मला नाही सांगता येणार, शकुताई,” शिरीषराव हळू आवाजात म्हणाले.

तेव्हा गुरुदत्त पुढे आला. आईचा हात धरून त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि मिसेस ॲशवर्थ यांच्याकडे वळून इंग्रजीत बोलायला लागला. आरसा आपणच घरी नेला. नक्कल आपणच नदीत टाकली. खऱ्याला नक्कल म्हटलं ते आपणच. स्वरदाचा यात काडीचाही दोष नाही, आणि तिच्यावर आळ येत असताना आपण गप्प बसलो. आईला जुन्या धातूवरचा हिरवा थर जपायचा असतो हे ठाऊक नव्हतं. तिनं सणासाठी मायेनं घासला. तो एकदाही अडखळला नाही. बोलून झाल्यावर त्यानं खिशातली किल्ली काढून फिओनाच्या टेबलावर ठेवली. फिओनानं ती उचलली आणि मग स्वरदाजवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

स्वरदा सुटली होती. शिरीषरावांना हायसं वाटायला हवं होतं.

मिसेस ॲशवर्थ यांनी आरसा उचलला आणि गुळगुळीत बाजू वर केली. त्यात त्यांचा सुरकुतलेला चेहरा स्पष्ट दिसत होता, पण त्या तिकडे बघत नव्हत्या. कडेजवळच्या एका जागेवरून त्या बोट फिरवत होत्या.

“इथे कापड होतं,” त्या म्हणाल्या. “हिरव्या थरात त्याची वीण उमटली होती. उभे आडवे धागे मोजता यायचे. ती बाई गेली तेव्हा तिच्या कुणीतरी हा आरसा कापडात गुंडाळून तिच्याजवळ ठेवला होता. मुलीनं असेल, बहिणीनं असेल. नक्षी काय, पुस्तकात सापडेल. तिच्या माणसांचा हात मात्र तेवढाच उरला होता. मी लहान असताना आई माझं बोट धरून त्यावरून फिरवायची. ते गेलं.”

शिरीषरावांना आपली पत्नी आठवली. स्मशानाकडे निघायच्या आधी तिला हिरवं लुगडं त्यांनीच पांघरलं होतं, नीट, चुण्या सारख्या करून. त्या कापडाचं पुढे काय झालं असेल हा विचार त्यांनी दीड वर्ष मनात येऊ दिला नव्हता. तो आता आला.

“काय म्हणाल्या त्या?” शकुताईंनी विचारलं.

गुरुदत्त भिंतीकडे तोंड करून उभा होता. स्वरदानं मान खाली घातली. उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

“म्हणाल्या,” शिरीषराव म्हणाले, “की एवढ्या मायेनं त्याला आजवर कुणी हात लावला नव्हता.”

शकुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मिसेस ॲशवर्थकडे पाहिलं. म्हाताऱ्या बाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“भाऊ,” शकुताई म्हणाल्या, “बाई रडतायत. मी काय पुसून टाकलं ते मला कळू दे. तुम्ही नाही सांगितलंत तर दुसरं कोण सांगणार मला? हा तर छान झालाय म्हणेल.”

शिरीषरावांनी खुर्ची ओढली, शकुताईंच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. कापडाचंसुद्धा.